अटींमधले ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ : अर्ज भरण्याआधी जोडणी वाचा

योजनेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आरोग्यविम्याची पॉलिसी, बँकेतले संयुक्त खाते असे विषय कितीही वेगळे असले, तरी वाचकांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. ‘रेशनकार्ड केशरी आहे, पण उत्पन्नाचा दाखला नाही; अर्ज चालेल का?’ ‘मागच्या वर्षी उत्पन्न ८ लाखांच्या वर गेले, आता नॉन-क्रीमी लेयर मिळणारच नाही ना?’ ‘खात्यावर दोघांपैकी कोणाचीही सही चालते, मग एफडी मोडताना बँक दोघांच्या सह्या का मागते?’ हे विचारणाऱ्यांना अटीतला शब्द न् शब्द कळलेला असतो. रक्कम कळलेली असते, वयाची मर्यादा कळलेली असते. एक अट दुसऱ्या अटीला कशाने बांधली आहे, एवढेच निसटलेले असते. छापील यादीत जोडणारा शब्द पुष्कळदा नसतोच. नुसते १, २, ३ असे आकडे असतात आणि जोडणी ज्याने त्याने मनाशी करून घ्यायची असते. तुम्ही पात्र आहात की नाही, कोणता कागद लागेल आणि मिळालेला नकार बरोबर आहे की चूक, हे सगळे या जोडणीवरच ठरते. म्हणून अटी वाचण्याआधी जोडणी वाचायची सवय लावून घ्या, असा या लेखाचा आग्रह आहे.

यामागचे शास्त्र जुने आहे. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, विधाने खरी की खोटी एवढेच पाहून ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचा हिशेब बीजगणितासारखा मांडता येतो, हे दाखवले. त्याचाच समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन. हा १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईला जन्मला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम एवढाच लक्षात ठेवा: ‘आणि’ने बांधलेली यादी मोडायला एक अट मोडली तरी पुरते, ‘किंवा’ने बांधलेली यादी मोडायला तिच्यातली प्रत्येक अट मोडावी लागते. पुढचे सगळे या एका वाक्याचा वापर आहे.

पहिली पायरी : हातातली यादी कोणत्या जातीची?

कोणत्याही जाहिरातीत, शासन निर्णयात किंवा पॉलिसीत साधारणपणे तीन प्रकारच्या याद्या असतात. त्या एकाखाली एक छापलेल्या असतात आणि दिसायला सारख्याच असतात, पण त्यांची वागणूक वेगळी असते.

- पात्रतेची यादी. इथे ओळीओळींमध्ये न छापलेला ‘आणि’ असतो. सगळ्या अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. पाचांतल्या चार पूर्ण आहेत म्हणून काही मिळत नाही.
- अपात्रतेची यादी. इथे ओळीओळींमध्ये न छापलेला ‘किंवा’ असतो. एक ओळ लागू झाली की अर्ज बाद.
- कागदपत्रांची यादी. इथे दोन्ही असतात. दोन क्रमांकांच्या मध्ये ‘आणि’, एकाच क्रमांकाच्या पोटात ‘किंवा’.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या २०२४ सालच्या अटी यासाठी जवळून पाहण्यासारख्या आहेत, कारण त्या वर्षी गावोगावच्या सेतू केंद्रांवर आणि अंगणवाड्यांत सर्वाधिक गोंधळ याच यादीवरून झाला. पात्रतेत म्हटले होते: महाराष्ट्रातील रहिवास, वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आणि आधारशी जोडलेले स्वतःचे बँक खाते. या सगळ्या अटी एकाच वेळी लागतात. अपात्रतेत होते: कुटुंबात कोणी आयकर भरणारे असणे, कोणी कायम सरकारी नोकरीत असणे, शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून अर्जदार महिलेला महिना १,५०० किंवा अधिक रुपये मिळणे, कुटुंबाच्या नावावर चारचाकी असणे. यांतले एकच पुरेसे. ‘आमचे उत्पन्न तर दीड लाखच आहे’ हे उत्तर चारचाकीच्या अटीला लागू पडत नाही. ती दुसरी यादी आहे, आणि पहिल्या यादीत भक्कम असल्याने दुसरीतून सुटका होत नाही. चारचाकीच्या ओळीतच ‘ट्रॅक्टर वगळून’ असेही शब्द होते. हा ‘नाही’च्या आतला ‘नाही’ आहे: ट्रॅक्टर असणे अपात्रतेत मोजायचेच नाही. असे शब्द बहुधा ओळीच्या शेवटी येतात, आणि घाईत वाचणारा माणूस तिथवर पोहोचत नाही.

कागदपत्रांकडे या. अधिवास दाखवण्यासाठी अधिवास प्रमाणपत्र मागितले होते. ते नसेल तर १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, १५ वर्षांपूर्वीचे मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला, यांपैकी कोणतेही एक चालणार होते. उत्पन्नासाठी अडीच लाखांपर्यंतचा दाखला किंवा पिवळे वा केशरी रेशनकार्ड. म्हणजे सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, चालेल’ असे होते. केशरी कार्ड असणाऱ्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभे राहण्याची गरजच नव्हती. मात्र एक बारकावा आहे. एकच रेशनकार्ड अधिवासाच्या क्रमांकात चालते आणि उत्पन्नाच्या क्रमांकातही चालते, पण दोन्हीकडे त्याची अट निराळी आहे. एका ठिकाणी ते १५ वर्षे जुने हवे, दुसऱ्या ठिकाणी रंग पाहायचा. केशरी कार्ड चार वर्षांपूर्वी मिळालेले असेल, तर ते उत्पन्नाला चालेल आणि अधिवासाला चालणार नाही. ‘रेशनकार्ड चालत नाही म्हणाले’ असे सांगणाऱ्या बाईला प्रत्यक्षात कोणत्या क्रमांकासाठी नाही म्हटले होते, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हा ढाचा तुमच्या ओळखीचाच आहे. मोबाइलवर खरेदी करताना गाळणी लावता, तेव्हा दोन कंपन्यांच्या नावांवर खूण केली की दोन्हींचा माल दिसतो आणि यादी लांबते. किमतीच्या पट्टीवर खूण केली की यादी आखडते. एका गटाच्या आत ‘किंवा’, दोन गटांच्या मध्ये ‘आणि’. कागदपत्रांची यादी अगदी अशीच वाचा. क्रमांक म्हणजे गट. प्रत्येक गटातून निदान एक कागद उचला, एकाच गटातले चार उचलून उपयोग नाही.

८ लाख : आकडा एक, जोडणी उलट

जोडणी न पाहता नुसता आकडा पाहिला तर केवढे नुकसान होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ८ लाखांची मर्यादा. ती इतर मागासवर्गाच्या क्रीमी लेयरलाही आहे आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या आरक्षणालाही. आकडा सारखा असल्याने दोन्ही नियम सारखेच, असा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे.

केंद्राच्या नियमानुसार उत्पन्नाच्या कसोटीवर क्रीमी लेयर ठरण्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न सलग ३ वर्षे ८ लाख किंवा त्याहून अधिक असावे लागते. ही मर्यादा २०१७ पासूनची. आता डी मॉर्गनचा नियम लावा. पहिले वर्ष आणि दुसरे वर्ष आणि तिसरे वर्ष, अशी ही ‘आणि’ची साखळी आहे, ती मोडायला एकच वर्ष ८ लाखांच्या खाली असणे पुरते. म्हणजे एका वर्षी धंद्यात चांगले पैसे मिळाले, उत्पन्न ९ लाख झाले, पण बाकीची दोन वर्षे ६-६ लाखांची होती, तर या कसोटीवर ते कुटुंब क्रीमी लेयरमध्ये येत नाही. शिवाय या कसोटीत पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मिळवत नाहीत, हेही मूळ नियमातच आहे. तरीही ‘यंदा आकडा वर गेला’ म्हणून अर्जच न करणारी कुटुंबे असतात. अर्ज न केल्यामुळे मुलाचा प्रवेश खुल्या प्रवर्गातून होतो आणि फीचा सगळा बोजा घरावर पडतो.

इथे एक सावधगिरी हवी. उत्पन्नाची कसोटी ही क्रीमी लेयरच्या अनेक कसोट्यांपैकी एक आहे. पालकांचे घटनात्मक पद, थेट भरती झालेली पहिल्या वर्गाची सेवा अशा इतर कसोट्या वेगळ्या आहेत आणि त्या एकमेकींना ‘किंवा’ने जोडलेल्या आहेत. त्यांतली एक लागू झाली की उत्पन्न कितीही कमी असून उपयोग नाही. आत ‘आणि’, बाहेर ‘किंवा’: कागदपत्रांच्या यादीच्या नेमका उलटा ढाचा.

ईडब्ल्यूएसमध्ये मात्र तीन वर्षांची साखळी नाही. केंद्राच्या २०१९ च्या नियमात अर्जाच्या आदल्या एकाच आर्थिक वर्षाचे कुटुंबाचे उत्पन्न पाहतात, आणि त्यात पगार, शेती, व्यवसाय असे सगळे धरतात. ते ८ लाखांपेक्षा कमी हवे. एवढ्यावर थांबत नाही. कुटुंबाकडे ५ एकर किंवा अधिक शेतजमीन, १,००० चौरस फूट किंवा अधिकचा फ्लॅट, अधिसूचित नगरपालिका हद्दीत १०० चौरस यार्ड किंवा अधिकचा निवासी भूखंड, अथवा त्याबाहेर २०० चौरस यार्ड किंवा अधिकचा भूखंड, यांपैकी काहीही असेल तर उत्पन्न न बघताच अपात्रता येते. कोरडवाहू ६ एकर असलेल्या शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न दीड लाखही नसेल. तरी केंद्राच्या नियमात तो ‘किंवा’च्या एका ओळीवर बाहेर जातो. हे न्याय्य आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा आणि तो धोरण ठरवणाऱ्यांना विचारायला हवा. पण दाखला काढताना जोडणी आहे तशीच वाचावी लागते. केंद्राच्या आणि राज्याच्या दाखल्यांचे नमुने वेगळे आहेत. ज्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी दाखला हवा, तिथला नमुना आणि तिथले निकष स्वतंत्रपणे वाचा.

आकड्यांच्या कडेलाही लक्ष असू द्या. ‘८ लाखांपेक्षा कमी’ म्हटले तर बरोबर ८ लाख चालत नाहीत. ‘अडीच लाखांपेक्षा जास्त नसावे’ म्हटले तर बरोबर अडीच लाख चालतात. ‘किमान’, ‘कमाल’, ‘पर्यंत’, ‘पेक्षा’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढायला काही सेकंद लागतात, आणि काठावर असणाऱ्या माणसाचा सगळा निकाल त्या एका शब्दात असतो.

मराठीतले काही शब्द सांभाळून वाचा

आपल्या भाषेत हे जोडशब्द लवचिक आहेत. रोजच्या बोलण्यात ही सोयच आहे, पण अटींच्या कागदावर तिची किंमत मोजावी लागते. सर्वांत आधी ‘आणि’ घ्या. ‘ज्येष्ठ नागरिक आणि अपंगांसाठी राखीव’ अशी पाटी एसटीत दिसली तर आपण तिचा अर्थ ‘ज्येष्ठ असेल किंवा अपंग असेल, त्याने बसावे’ असा घेतो आणि तो बरोबर असतो. पण ‘अर्जदार बारावी उत्तीर्ण आणि महाराष्ट्राचा रहिवासी असावा’ इथे दोन्ही हवे. खूण अशी: ‘आणि’च्या दोन्ही बाजूंना माणसांचे गट असतील तर तो बहुधा गटांची बेरीज करतो, दोन्ही बाजूंना एकाच माणसाच्या अंगच्या अटी असतील तर तो दोन्हींची सक्ती करतो. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला पात्र, असे लिहिलेले असते तेव्हा एकाच बाईने हे सगळे असावे अशी अपेक्षा नसते.

‘किंवा’ आणि ‘की’ यांत मराठीने एक सुंदर फरक राखला आहे. ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारले की दोहोंतले एक निवडायचे. ‘आधार किंवा पॅन जोडावे’ म्हटले की एक तरी हवे, आणि दोन्ही जोडले म्हणून अर्ज बिघडत नाही. म्हणून अर्जात ‘किंवा’ दिसला तर निदान एक, असे समजा. ‘यांपैकी केवळ एक’ किंवा ‘दोन्ही घेता येणार नाहीत’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच निवड करायची. दोन शिष्यवृत्त्यांपैकी एकच घेता येते, तिथे हे शब्द ठळक शोधावेत.

‘शिवाय’ हा शब्द त्याहून फसवा. ‘याशिवाय रहिवासी दाखला जोडावा’ म्हणजे आधीचे सगळे आणि हेही. ‘रहिवासी दाखल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही’ म्हणजे हे नसेल तर नाही. पहिल्यात तो भर घालतो, दुसऱ्यात अभाव सांगतो. ‘तर’ आणि ‘तरच’ यांचेही तसेच. ‘६० टक्के गुण असतील तरच अर्ज करता येईल’ हे वाक्य दार उघडते. आत जागा मिळण्याची हमी देत नाही. पात्रतेच्या बहुतेक सगळ्या अटी ‘तरच’च्या असतात, आणि आपण त्या ‘तर’सारख्या वाचून ‘पात्र असूनही मिळाले नाही’ अशी तक्रार करतो. ही तक्रार काही वेळा रास्त असते, पण मग तिचे कारण निवडीच्या नियमांत शोधावे लागते, पात्रतेच्या यादीत ते सापडणार नाही.

आणि शेवटी नकार. ‘अर्जदाराने सर्व कागदपत्रे जोडली नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, काहीच जोडले नाही. दोन, काही जोडले, काही राहिले. असा शेरा आला तर ‘नेमका कोणता कागद नाही?’ हा एकच प्रश्न विचारा.

विम्याची पॉलिसी : व्याख्येच्या पानावर थांबा

विम्यात लोक रक्कम आणि हप्ता वाचतात. दावा मात्र व्याख्येच्या पानावर ठरतो. आरोग्यविम्यातली ‘रुग्णालय’ ही प्रमाणित व्याख्या पाहा. रुग्णालय स्थानिक प्राधिकरणाकडे कायद्यानुसार नोंदलेले असावे, किंवा त्याने पुढचे सगळे किमान निकष पूर्ण करावेत: चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास पात्र डॉक्टर, १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा, सुसज्ज शस्त्रक्रियागृह, रुग्णांच्या रोजच्या नोंदी. एका मोठ्या ‘किंवा’च्या पोटात पाच ‘आणि’ आहेत. याचा अर्थ, तालुक्याच्या गावातले ८ खाटांचे नोंदणीकृत रुग्णालय केवळ खाटा कमी म्हणून नाकारता येत नाही. नोंदणीची बाजू पूर्ण असेल तर खाटा मोजायचे कारणच उरत नाही. दावा ‘खाटा अपुऱ्या’ म्हणून फेटाळला गेला, तर रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मिळवणे हे तुमचे पहिले काम.

गंभीर आजाराच्या पॉलिसीत उलट अनुभव येतो. तिथे हृदयविकाराच्या झटक्याची प्रमाणित व्याख्या तीन गोष्टी एकत्र मागते: छातीत दुखण्यासारखी ठरावीक लक्षणे, ईसीजीत नव्याने दिसणारे ठरावीक बदल, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी रक्तातली एन्झाइम्स, ट्रोपोनिन किंवा तशी दुसरी निदर्शके वाढलेली असणे. तिसऱ्या ओळीच्या आत ‘किंवा’ आहे, पण तीन ओळी ‘आणि’ने बांधल्या आहेत. डॉक्टरांनी कागदावर ‘झटका’ लिहिले एवढे पुरत नाही. ईसीजीचा कागद आणि रक्ततपासणीचा अहवाल दोन्ही फाइलीत असायला हवेत. घाईगर्दीत ईसीजीची पट्टी हरवते, आणि पुढे त्या एका ‘आणि’वर दावा अडतो. रुग्ण घरी आल्यावर फाइल तपासताना हे दोन्ही कागद आधी बघून घ्या. पॉलिसी घेतल्यावर शर्ती पटल्या नाहीत तर ती ३० दिवसांत परत करण्याची मुभा असते, हेही ध्यानात असू द्या. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या आरोग्य पॉलिसींना मात्र ती मिळत नाही. व्याख्यांचे पान वाचायची खरी वेळ म्हणजे हे ३० दिवस.

बँकेतला ‘किंवा’

संयुक्त खाते उघडताना फॉर्मवर एका चौकटीत खूण करायची असते आणि ती खूण बहुतेक जण काउंटरवरच्या माणसाच्या सांगण्यावरून करतात. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, आणि एकाच्या पश्चात दुसरा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत तीच. दुसरीला नंतरच अधिकार. ‘जॉइंटली’ म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. आईबाबांच्या खात्यावर मुलाचे नाव घालताना यांतले कोणते घालायचे, हे घरी बसून ठरवा. पैसे आज मुलालाही काढता यावेत का, की फक्त पुढे अडचण होऊ नये एवढाच हेतू आहे? उत्तर वेगळे असेल तर चौकटही वेगळी.

एफडीबाबतचा प्रश्न इथेच सुटतो. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेव मुदत संपल्यावर कोणाच्याही एका सहीने मिळते. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. एकच ठेव, पण मुदतीआधी ‘आणि’, मुदतीनंतर ‘किंवा’. दोघांतले एक गेले आणि दुसऱ्याला ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर त्यासाठीची संमती दोघांनी आधी लेखी देऊन ठेवलेली असावी. ती नसेल तर वारसांच्या सह्यांसाठी फिरावे लागते. वयस्कर जोडप्यांनी हे पत्र आजच बँकेत द्यावे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. तेही दोन प्रकारे: एकाच वेळी सगळ्यांचे हिस्से ठरवून, किंवा क्रमाने. क्रमाने म्हणजे पहिला हयात नसेल तरच दुसरा. दोन मुलींची नावे एकाखाली एक लिहिली म्हणजे दोघींना निम्मे-निम्मे मिळेल, असे गृहीत धरू नका. हिस्सा लिहायचा असेल तर पहिला प्रकार निवडून टक्के लिहा आणि त्यांची बेरीज १०० करा. लॉकरला मात्र क्रमाचाच प्रकार आहे.

‘भाषा म्हणजे गणित नव्हे’

हा आक्षेप खरा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ईश्वरसिंह बिंद्रा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात, औषध कायद्यातल्या व्याख्येतला ‘आणि’ हा कायद्याचा हेतू पाहता ‘किंवा’सारखा वाचला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये पल्सिफर खटल्यात प्रश्न असाच होता: आरोपीच्या नावावर ‘अ, ब आणि क नसावे’ या अटीचा अर्थ तिन्ही एकत्र नसावेत असा घ्यायचा, की तिन्हींपैकी एकही नसावे असा? न्यायमूर्तींमध्ये ६ विरुद्ध ३ अशी फूट पडली आणि दुसरा अर्थ ठरला. ‘सर्व कागदपत्रे जोडली नाहीत’ या वाक्यातला पेच हाच आहे.

म्हणजे जोडणी दरवेळी शब्दांवरून ठरते असे नाही. हेतू, संदर्भ, रूढी यांवरूनही ठरते. पण यातून जोडणी पाहण्यात अर्थ नाही असे निघत नाही. न्यायालयांनीही एवढा वेळ याच एका प्रश्नाला दिला, कारण निकाल तिथेच होता. तुम्हाला अंतिम अर्थ लावायचा नाही. दोन अर्थ कुठे संभवतात ते ओळखून अर्ज देण्याआधी विचारायचे आहे. दुसरा आक्षेप असा की, कार्यालयात शेवटी सगळेच कागद मागतात, मग ‘किंवा’ ओळखून फायदा काय? फायदा असा की मागणी नियमातली आहे की सवयीतली, हे तुम्हाला कळते. जास्तीचा कागद सहज हाताशी असेल तर देऊन टाका. तो काढायला आठ दिवस आणि दोन खेपा लागणार असतील, तर नियमातली ओळ दाखवा. ओळ दाखवायला ती छापलेली सोबत असावी लागते. म्हणून अर्जासोबत शासन निर्णयाची किंवा जाहिरातीची प्रत ठेवा आणि आपल्याला लागू पडणाऱ्या ओळीवर खूण करा.

नकार आला तर

तोंडी नकारावर परत फिरू नका. नकार लेखी मागा आणि त्यात कोणती अट पूर्ण होत नाही, ते लिहून घ्या. मग ती अट पात्रतेच्या यादीतली आहे, अपात्रतेच्या की कागदपत्रांच्या, ते पाहा. पात्रतेची एकही अट खरोखर मोडत असेल, तर भांडण्यात वेळ घालवू नका. कागदपत्रांच्या एका क्रमांकातला एक पर्याय नाकारला असेल, तर त्याच क्रमांकातला दुसरा पर्याय घेऊन पुन्हा जा. जोडणीच चुकीची वाचली गेली असेल, म्हणजे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ मागितला गेला असेल, तर पुढचे मार्ग वापरा.

- अधिसूचित सेवांबाबत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिकाऱ्याने नकाराची कारणे लेखी देणे बंधनकारक आहे. त्याविरुद्ध पहिले आणि दुसरे अपील करता येते, त्यानंतर आयोगाकडे जाता येते.
- नियमाची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.
- विम्याचा दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. समाधान झाले नाही तर ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

अपिलाचा अर्ज लांबलचक लिहिण्याची गरज नाही. नियमातली ओळ जशीच्या तशी उतरवा, तिच्यातला ‘आणि’ किंवा ‘किंवा’ अधोरेखित करा, आणि आपण ती कशी पूर्ण करतो ते दोन वाक्यांत सांगून कागद जोडा. लोकसेवा हक्क कायद्याखालच्या पहिल्या अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि ती नकाराचा आदेश हाती पडल्यापासून मोजतात, म्हणून त्या आदेशावर तो मिळाल्याची तारीख लगेच लिहून ठेवा.